मिशनऱ्यांची मुले आणि कॉलेजची पूर्वतयारी

(महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी मला दिली होती. व्याख्यान मुलांच्या शिक्षणासंबंधी असावे, एवढीच काय ती अट. मी त्यांना कळवले की मजपाशी सांगण्यासारखा एकच विषय आहे. मी जन्माने आणि बोलीने इंदूरचा, परंतु माझी नोकरीची सारी वर्षे उत्तरेकडील डोंगरातल्या एका निवासी शाळेत गणित शिकवण्यात गेली, आणि त्यातली बरीचशी वरच्या वर्गातील मुलांना कॉलेजच्या प्रवेशाचा सल्ला देण्यात गेली. त्या मुलांत मिशनरी कुटुंबांतील मुले पुष्कळ असत. निवृत्त झाल्यावरही अशा पालकांची पत्रे येतात आणि मी जमेल तशी उत्तरे पाठवतो. चिटणीस म्हणाले, "तेच सांगा." घरी मात्र सौभाग्यवतींनी विचारले, "आपल्या ट्रस्टच्या लोकांना मिशनऱ्यांच्या मुलांशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आधी देत नाही. बोलण्याच्या ओघात ते येईल.

इंदुरातल्या जुन्या मंडळींना कॅनडाच्या मिशनची ओळख नव्याने करून द्यायला नको. ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये निघाले, आणि या सभागृहात त्या कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेले निदान दहाजण तरी असतील. किशोरकुमार तेथेच शिकले, हे तर आपण पाहुण्यांना सराफ्यात नेण्याच्या आधी सांगतो. परंतु त्या मिशनच्या बंगल्यांत जी मुले वाढली त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच गेले. बाप दवाखान्यात किंवा शाळेत, आई तशाच कामात; पगार समुद्रापलीकडून येणार; पासपोर्ट तिकडचा; आणि मूल मात्र येथल्या उन्हात वाढलेले, आयेशी हिंदीत भांडणारे, आंब्याच्या दिवसांची वाट पाहणारे. अशा मुलाला कॉलेजसाठी 'घरी' पाठवायचे असे आईबाप म्हणत. मुलाच्या दृष्टीने घर तर हेच होते. सारी अडचण येथून सुरू होते.

पूर्वी ही मुले कॉलेजपर्यंत येथे राहतच नसत. लहानपणीच त्यांची रवानगी होई. इंग्लंडात लंडन मिशनच्या लोकांनी मुलींसाठी १८३८ मध्ये वॉल्थमस्टो येथे आणि मुलांसाठी १८४२ मध्ये स्वतंत्र शाळा काढल्या त्या याच कारणाने. धावपटू एरिक लिडेल, ज्याने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटरचे सुवर्णपदक मिळवले, तो चीनमध्ये जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा. सहा वर्षांचा असताना त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला या शाळेत ठेवून आईबाप चीनला परत गेले. पुढे तो एडिंबरो विद्यापीठाचा पदवीधर झाला, हे सर्व ठीकच. पण सहा वर्षांच्या पोराला बोर्डिंगात सोडून जहाजावर चढणाऱ्या आईचा विचार मनात आला की मला त्या पदकाचे फारसे कौतुक वाटेनासे होते.

आपल्या मराठी मुलखातलेही उदाहरण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे मुंबईस होते; १८४२ मध्ये निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या संपादनाशी त्यांचा संबंध होता. प्रकृती ढासळल्यामुळे १८५४ मध्ये ते कुटुंबासह मायदेशी निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम हा १८४७ मध्ये मुंबईस जन्मलेला, म्हणजे तेव्हा सात वर्षांचा. विधवा आईने अमेरिकेत मुले वाढवली. हा मुलगा १८६८ मध्ये येल कॉलेजातून पदवीधर झाला आणि १८७४ मध्ये परत आपल्याच देशात, अहमदनगरला आला. ज्या जिल्ह्यातल्या चौंडीहून आपल्या अहिल्यामाता इंदुरास आल्या, तोच हा जिल्हा. २०२४ पासून त्याला त्यांचेच नाव मिळाले आहे. ह्यूमसाहेबांचे पुढचे बहुतेक आयुष्य तेथेच गेले. हिंदुस्थानात जन्मलेले मूल तिकडे शिकून पुन्हा इकडे येते, असे त्या काळी पुष्कळ कुटुंबांत घडले.

पुढे डोंगरांवर शाळा झाल्या. मसुरीजवळ लंढौरला वुडस्टॉक १८५४ पासून आहे. दक्षिणेत कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी काढली. त्यामुळे मुलांना मॅट्रिकच्या वयापर्यंत आईबापांच्या देशात, निदान आगगाडीच्या अंतरावर राहता येऊ लागले. आता या शाळांत सर्व प्रकारची मुले असतात आणि आपल्याकडे परदेशी मिशनरी कुटुंबे थोडीच उरली आहेत. तथापि जगात ती पुष्कळ आहेत. केनियात किजाबे येथे १९०६ पासून चालत आलेली रिफ्ट व्हॅली अकॅडमी आहे, मनिलात आहे, तैवानात आहे. आजकाल कोरियाचे मिशनरी असतात, आणि आपल्याच देशातले, आसाम-नागालँडकडचे किंवा तमिळनाडूचे, दुसऱ्या प्रांतात जाऊन राहिलेलेही असतात. प्रश्न मात्र सर्वांचा एकच.

या मुलांना समाजशास्त्रात एक नाव आहे, आणि ते नाव सुचले आपल्या देशात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जॉन आणि रूथ युसीम हे अमेरिकन दांपत्य १९५० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात काम करणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करण्यास आले होते. त्यांच्या ध्यानात आले की ही माणसे येथे पूर्ण अमेरिकन रीतीने राहत नाहीत आणि हिंदुस्थानीही होत नाहीत. त्यांची अशी एक तिसरीच राहणी तयार झाली आहे. त्या राहणीत वाढलेल्या मुलांना रूथबाईंनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकन पोर आलेच नाही. आपल्या गल्लीत हिंदी, घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि पुण्याच्या मामाकडे गेले की 'तुमची मराठी वेगळीच हो' असे ऐकून घेणारे आमचे बालपण आले.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

आपल्याकडे कॉलेजची काळजी बारावीचा निकाल लागला की सुरू होते, किंवा फार तर प्रवेशपरीक्षेच्या क्लासाबरोबर. अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथील कॉलेज नववी ते बारावी या चारही वर्षांचा उतारा मागते: कोणते विषय घेतले, किती अवघड घेतले, दर वर्षी काय मिळाले. नववीतला निष्काळजीपणा बारावीत भरून काढता येतो, पण पुसून टाकता येत नाही. सामान्य अमेरिकन मुलाला याची झळ लागत नाही, कारण ते एकाच गावात एकाच शाळेत असते आणि शाळा सारे लिहून ठेवते. मिशनऱ्याचे मूल मात्र आठवीपर्यंत आईजवळ घरी शिकलेले असते, नववीला डोंगरावर येते, दहावीला आईबापांची फर्लो रजा म्हणून वर्षभर अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या शाळेत जाते आणि अकरावीला परत येते. तीन शाळा, तीन प्रकारचे गुणपत्रक.

यात गणिताचे फार हाल होतात. मी गणिताचा शिक्षक म्हणून हे विशेष सांगतो. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती बरोबरीने चालतात. तिकडे एक वर्ष बीजगणित, पुढचे वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित, मग त्रिकोणमिती वगैरे आणि शेवटी कलनशास्त्र, अशी साखळी असते. फर्लोच्या वर्षी मुलाला भलत्याच वर्गात बसवले की एक कडी दोनदा होते किंवा गळते, आणि बारावीला कलनशास्त्रापर्यंत ते पोचत नाही. ज्याला इंजिनिअर व्हायचे आहे त्याला हे महागात पडते. म्हणून रजेवर निघण्यापूर्वी तिकडच्या शाळेशी पत्रव्यवहार करून विषय नक्की करावेत, असे मी प्रत्येक पालकाला सांगत असे. निम्मे पालक ऐकत. बाकीचे 'देव पाहील' म्हणत. देवाला शाळेचे वेळापत्रक ठाऊक असेल याबद्दल मला शंका नव्हती. शाळेला मुलाची गरज ठाऊक असेल याबद्दल होती.

माझ्या एका चुकीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. एक मुलगी आमच्याकडे दहावीत आली. नववीचे वर्ष तिला आईने दूरच्या एका दवाखान्याच्या गावी घरी शिकवले होते आणि उत्तम शिकवले होते. पोरगी वर्गात पहिल्या तिघांत असे. तिच्या नववीचे कागद कुठे आहेत हे मी विचारलेच नाही. बारावीच्या डिसेंबरात, अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर असताना, एका कॉलेजने विचारले की नववीत काय शिकली, कोणती पुस्तके, प्रयोगशाळा होती का, गुण कुणी दिले? आईने काहीच नोंद ठेवली नव्हती. बिचारीला वाटले, मी आई, मी शिकवले, आणखी कागद कशाला? शेवटी वाट सापडली ती आजीमुळे. त्या मुलीने त्या वर्षी अमेरिकेतल्या आजीला दर रविवारी पत्र लिहिले होते आणि आजीने सारी पत्रे बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. 'आज आईने बेडकाचे हृदय दाखवले', 'या आठवड्यात तिसरे प्रकरण संपले', असे त्यांत येई. त्या पत्रांवरून आणि उरलेल्या चार वह्यांवरून आम्ही तिघांनी त्या वर्षाचा अभ्यासक्रम तारखांसह मांडला. त्या काळी सॅटच्या विषयवार परीक्षा असत (त्या २०२१ मध्ये बंद झाल्या), त्यांतल्या दोन तिने जास्तीच्या दिल्या. प्रवेश मिळाला. पण तिच्या हक्काच्या एका कॉलेजची मुदत त्या धावपळीत टळली, आणि ती टळली माझ्या दुर्लक्षामुळे. तेव्हापासून मूल शाळेत दाखल झाले की पहिल्या आठवड्यात मी एक फाईल उघडत असे. पाठ्यपुस्तकांची नावे, अनुक्रमणिकांच्या नकला, एकदोन निबंध, प्रयोगांची वही, गुणपत्रके, लसीकरणाचे कार्ड, सारे त्या फायलीत.

भाषेचेही असेच. ही मुले हिंदी, नेपाळी, बंगाली सफाईने बोलत आणि कागदावर मात्र 'दोन वर्षे फ्रेंच, साधारण' असे लिहिलेले असे. अंगी असलेली विद्या कागदावर नाही म्हणून ती नाहीच. मी भांडून पुष्कळांना हिंदीच्या परीक्षेला बसवले. काही आईबापांना हे पटत नसे. बाजारात शिकलेली भाषा विद्वत्तेत कशी धरायची, असे त्यांना वाटे.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. सॅट परीक्षा आता कागदावर होत नाही. आपल्याकडे २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून ती संगणकावर होते, सव्वादोन तासांच्या आत आटोपते, आणि गुण १६०० पैकी मिळतात. २०२० च्या महामारीत बहुतेक कॉलेजांनी तिची सक्ती काढली. पुष्कळांनी ती अजून लावलेली नाही, पण एम.आय.टी.ने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन यांनी २०२४ मध्ये परीक्षेचे गुण पुन्हा मागण्याचे ठरवले. म्हणून 'आता ती परीक्षा लागत नाही' असे कुणी सांगितले तर त्या त्या कॉलेजचे त्या वर्षाचे पत्रक पाहावे. लांबच्या मुलाला अडचण परीक्षेची नसते, केंद्राची असते. आदल्या रात्री बसने डोंगर उतरून, वाटेत ओकून, सकाळी आठला परीक्षेस बसलेली मुले मी पाहिली आहेत. अकरावीत एकदा देऊन ठेवली की बारावीत पुन्हा धावावे लागत नाही.

आता पैशाचा विषय. येथे मी अंमळ थांबणार आहे, कारण खरी रडारड येथे होते.

मिशनऱ्याचा पगार बेताचा असतो. राहायला मिशनचा बंगला असतो, म्हणून त्यांचे जीवन सुखवस्तू दिसते, पण स्वतःच्या नावावर बहुधा कौलही नसते. अमेरिकेत कॉलेजच्या मदतीसाठी सरकारी अर्ज भरावा लागतो, त्याला फाफसा म्हणतात. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला तो कोणत्याही देशातून भरता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबे अर्जच करीत नसत. परदेशात मिळवलेल्या उत्पन्नावर काही मर्यादेपर्यंत तिकडे प्राप्तिकराची सूट मिळते, त्यामुळे आईबापांच्या कराच्या कागदावर उत्पन्न जवळजवळ शून्य दिसते. त्यांना वाटते, मदत भरपूर मिळणार. पण मदतीचा हिशेब करताना ती सूट पुन्हा उत्पन्नात मिळवली जाते. अर्ज भरताना ही गोष्ट कळली की तोंड उतरते. खासगी कॉलेजांपैकी काही आणखी एक सविस्तर अर्ज मागतात. चर्चशी संबंधित अशी कित्येक लहान कॉलेजे मात्र मिशनऱ्यांच्या मुलांना फीमध्ये सवलत देतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा 'राहणार कुठले' या प्रश्नाचा. तिकडे प्रत्येक राज्याचे स्वतःचे विद्यापीठ असते. त्या राज्याच्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला कित्येकदा दुपटीहून जास्त. आता सांगा, मिशनऱ्याचे मूल कोणत्या राज्याचे? माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोळ एका राज्यात होते. ज्या चर्चमधून आईबापांना पैसे येत ते दुसऱ्या राज्यात. वडिलांचे ड्रायव्हिंग लायसन्स तिसऱ्या राज्यातले, आणि तेही मुदत संपलेले. मतदार म्हणून नाव कुठेच नव्हते. पंधरा वर्षे त्यांनी मत दिले नव्हते. मुलाने आजोळच्या राज्यातल्या विद्यापीठात प्रवेश मिळवला, गुण उत्तम होते, आणि विद्यापीठाने कळवले की आपण बाहेरचे समजले जाल. त्याने ते पत्र मला आणून दाखवले. म्हणाला, "सर, यांच्या मते मी कुठलाच नाही." सतरा वर्षांचा उंच मुलगा, रडला नाही, पण हातातल्या पत्राच्या घड्या घालीत राहिला. शेवटी तो एका लहान खासगी कॉलेजात गेला आणि त्याचे बरेच झाले. परंतु वडिलांनी तो नववीत असताना एक राज्य ठरवून लायसन्स, मतदारयादी, बँकेचे खाते आणि कराचा पत्ता तेथे ठेवला असता, आणि त्या विद्यापीठाचे नियम आधी वाचले असते, तर बहुधा ही वेळ आली नसती. नियम राज्याराज्याचे वेगळे आहेत. काही ठिकाणी सेवेसाठी बाहेर असलेल्यांना सवलत मिळते, काही ठिकाणी मिळत नाही. ब्रिटनमध्येही हाच पेच आहे. घरच्या दराने फी लागावी यासाठी शिक्षण सुरू होण्याआधीची तीन वर्षे सामान्यतः तेथे वास्तव्य लागते. आईबाप तात्पुरत्या कामासाठी बाहेर होते असे दाखवता आले तर मार्ग निघू शकतो. म्हणून नेमणुकीचे पत्र मुदतीचे आहे की कायमचे, या एका ओळीवर मुलाची फी अवलंबून राहते.

आपल्यापैकी काहीजण हसत आहेत. का ते मला समजले. आपण तीन-तीन पिढ्या माळव्यात राहिलो, घरी गणपती बसवतो, मुलींना मंगळागौरीची गाणी येतात. पण पुण्याच्या मेडिकल कॉलेजात आपली मुलगी परप्रांतीय असते. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागा सबंध देशासाठी आणि बाकीच्या राज्यासाठी, हे गणित या सभागृहातल्या कित्येक आयांनी जागून केले आहे. बेळगावकडील सीमाभागाच्या मुलांसाठी महाराष्ट्राने काही राखीव सोय केली आहे. आपल्यासाठी तशी नाही, आणि आपण मध्य प्रदेशचेच रहिवासी असल्यामुळे त्यात अन्यायही नाही. पण त्याच घरातला मुलगा बापाच्या बदलीमुळे दहावी गुजरातेत आणि बारावी तेलंगणात करतो, तेव्हा त्याला कोणते राज्य आपले म्हणेल? बँकेतली, रेल्वेतली, औषध कंपन्यांतली आपली कितीतरी कुटुंबे अशी आहेत. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. त्या तिसऱ्या रांगेत आहेत.

कागद आणि पैसा झाला तरी निम्मेच काम होते. मूल ऑगस्टात कॉलेजात पोचते. पासपोर्ट तिथला, रंग तिथला, उच्चारही बहुतेक तिथला, म्हणून त्याला कुणी परदेशी समजत नाही आणि कुणी काही समजावून सांगत नाही. आपला मुलगा अमेरिकेत गेला तर लोक त्याला दोन वेळा सांगतात, कारण तो दिसायला परका. मिशनऱ्याच्या मुलाला दुकानात नाणी ओळखता येत नाहीत तेव्हा लोकांना तो मंद वाटतो. कपडे धुण्याचे यंत्र, बँकेचा चेक, गाडी चालवणे, थंडीचा कोट, सगळे नवे. शिवाय नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची आणि डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली की पुष्कळ वसतिगृहे बंद होतात. सर्व मुले घरी जातात. याचे घर विमानाने दीड दिवसाच्या वाटेवर. एका मुलीने पहिल्या वर्षी मला लिहिले होते की ती थँक्सगिव्हिंगचे चार दिवस एका मैत्रिणीकडे गेली, सर्वांनी फार चांगले वागवले, आणि ती रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडली, कारण जेवणाच्या टेबलावर कुणी तिला एकही प्रश्न विचारला नाही जो तिला उत्तर देण्याजोगा वाटावा.

म्हणून कॉलेज निवडताना मी नावलौकिकाच्या आधी अंतर पाहावयास सांगत असे. शंभर मैलांत मावशी, काका, आजोबा कुणी आहे का? वसतिगृह सुट्टीत उघडे राहते का? परदेशी विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीचे जे परिचय-दिवस असतात त्यांत आपल्या मुलाला बसू देतील का? (पुष्कळ कॉलेजे विचारल्यास बसू देतात.) अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिकडे कॉलेज किंवा डॉक्टर मुलाच्या लेखी परवानगीवाचून आईबापांनाही काही सांगत नाहीत, ते कागद विमानात बसण्यापूर्वी सही करून ठेवावेत, आणि एक प्रत जवळच्या नातेवाइकाकडे द्यावी. यावर काही थोर कॉलेजांचे चाहते माझ्यावर रागावत. रागावोत. पहिल्या वर्षी घरी परत आलेली तीन मुले माझ्या ध्यानात आहेत, आणि तिघेही नामांकित ठिकाणी गेले होते.

फर्लो रजेविषयी माझे मत ठाम आहे. बारावीच्या वर्षी मुलाला शाळेतून उचलू नये. त्याची चार वर्षांची मैत्री, शिफारसपत्र देणारे शिक्षक, सारे तेथे असते. रजा घ्यायची तर ती अशी घ्यावी की मूल कॉलेजात पाऊल टाकील त्या ऑगस्टात आई किंवा बाप निदान त्या देशात असेल आणि पहिल्या नाताळापर्यंत राहील. संस्थेचे नियम आड येतात हे खरे. पण तीन वर्षे आधी मागितले तर नियम पुष्कळदा वाकतात. वेळापत्रक तसे सोपे आहे. अकरावीच्या ऑक्टोबरात शाळेमार्फत पी.एस.ए.टी., बारावीच्या वर्षी १ ऑगस्टला सामायिक अर्ज खुला होतो, ऑक्टोबरात बहुधा मदतीचा अर्ज, लवकरच्या प्रवेशासाठी १ नोव्हेंबरच्या सुमारास, एरवी जानेवारीच्या आरंभी मुदत, आणि १ मेपर्यंत आपला होकार. हे सर्व भिंतीवर लावून ठेवता येते. भिंतीवर लावता येत नाही ते संभाषण, जे अकरावीच्या सुट्टीत आईबापांनी मुलाशी करायचे असते: तुला काय व्हायचे आहे? मिशनरी घरांत हे अवघड असते. आईबापांनी आपले आयुष्य एका हाकेला वाहिलेले असते, आणि मुलाला वाटते की मी मोटारींचे यंत्र शिकायचे म्हटले तर ते मनातून खिन्न होतील. कित्येक होतही नसत. विचारीत मात्र नसत.

अर्जाबरोबर एक निबंध लागतो, आणि त्यात आमची मुले हमखास घसरत. प्रत्येकाचा निबंध रेल्वे स्टेशनच्या गर्दीने सुरू होई, मग गरिबी, मग हत्ती नाही तर माकड. मी परत करी. म्हणे, हिंदुस्थान विकू नकोस. एका मुलाने चार वेळा परत केल्यावर चिडून लिहिले की मला दुसरे काही माहीतच नाही. सुट्टीत मी आईच्या दवाखान्यात नावे लिहून घेण्याच्या वहीवर बसतो. मी म्हटले, तेच लिही. मग त्याने ती वही लिहिली: वय विचारले की बायका 'मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली' असे कसे सांगत आणि तो त्याचे साल कसे काढी; गावाचे नाव विचारले की सासरचे सांगावे की माहेरचे, म्हणून त्या कशा घुटमळत. त्याला स्वतःला त्या रकान्यात काय लिहावे हे ठाऊक नव्हते, असे शेवटच्या ओळीत होते. तो मुलगा आता साथीच्या रोगांच्या नोंदींचे काम करतो.

माझा वेळ संपत आला. घड्याळ अध्यक्षांनी माझ्याकडे वळवून ठेवले आहे. एक विनंती करून थांबतो. आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी काल कार्यालयात पाहिला. तो बारावीच्या निकालानंतर भरायचा असतो. त्यात गुणांचा रकाना एकच आणि 'मूळ गाव' हा रकाना पहिलाच आहे. माझी सूचना अशी की मूल नववीत गेले की त्याचे नाव ट्रस्टकडे नोंदवावे, वर्षातून एकदा कुणीतरी जाणत्याने त्याला आणि आईबापांना बोलावून कागद पाहावेत, आणि ज्या घरांची बदली होते त्यांना नव्या राज्याचे रहिवासाचे व प्रवेशाचे नियम आधी काढून द्यावेत. पैशाची मदत पुढे करायचीच आहे. तिच्यातली बरीच या नोंदीने वाचेल. हे काम करायला माणूस हवा असेल तर मी आठवड्यातून दोन दुपारी येईन. अर्जाचा नवा नमुना मी चिटणीसांकडे दिला आहे आणि वीस कोऱ्या फायली बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. नववी-दहावीची मुले ज्यांच्या घरी आहेत त्यांनी चहाच्या वेळी त्या न्याव्यात.